पोर जेवत नाही, की पोराला भूकच लागत नाही?

आज आपण बोलणार आहोत तीन ते सहा वर्षांच्या लेकरांच्या खाण्याबद्दल. म्हणजे अंगणवाडीत जाणारी, अजून पहिलीत नाव न घातलेली आपली लेकरं.

या वयाच्या मुलाची आई किंवा आजी भेटली की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "काही खातच नाही बघा आमचं." मग कुणी ताट घेऊन पोराच्या मागं अंगणभर फिरतं, कुणी हातात मोबाईल देऊन घास भरवतं, कुणी बागुलबुवाचं भ्या दाखवतं. सगळं करून झालं की आई दमते, पोर रडतं आणि ताटात अन्न तसंच राहतं.

ही तक्रार साधी समजून सोडून देण्यासारखी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांमागे सुमारे ३५ मुलांची उंची वयाच्या मानानं कमी भरली. सुमारे ३६ मुलांचं वजन कमी भरलं. आणि सुमारे ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी निघालं. यातली सगळीच काही धान्य नसलेल्या घरातली लेकरं नाहीत. घरात ज्वारी आहे, डाळ आहे, दारात शेवगा आहे, आणि तरी लेकराचं वजन काटा हलवत नाही, अशीही घरं खूप आहेत. असं का होतं, ते आज नीट समजून घेऊ.

पहिल्या वर्षानंतर भूक बदलते

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. बाळ जन्मतं तेव्हा साधारण तीन किलोचं असतं. वर्षाचं होईस्तोवर ते नऊ किलोच्या आसपास जातं. म्हणजे एका वर्षात सहा किलो वाढलं. पण त्यानंतर मूल वर्षाला साधारण दोनच किलो वाढतं. वाढीचा वेग कमी झाला, तशी भूकही थोडी कमी होणारच. "आधी कसं छान खायचं, आता तोंड फिरवतं" असं आपल्याला वाटतं, त्यातलं बरंचसं हे असतं. हा आजार नाही.

दुसरी गोष्ट, लेकराचं पोट लहान असतं. आपण सकाळी भाकरी-कोरड्यास खाऊन रानात गेलो की दुपारपर्यंत चालतं. लेकराचं तसं चालत नाही. दोन वर्षांच्या मुलाला आईच्या निम्मं अन्न लागतं, आणि पुढं वयाबरोबर ते वाढत जातं. पण हे अन्न ते दोन वेळेत खाऊ शकत नाही. त्याला दिवसातून पाच वेळा थोडं थोडं द्यावं लागतं. तीन वेळा जेवण किंवा न्याहारी, आणि मधे दोनदा खाऊ.

इथंच खरी गोम आहे. पोट लहान आहे. त्यात जे आधी जाईल, तेच जागा धरेल.

मग भूक जाते कुठं?

समजा, एक चार वर्षांची पोर आहे. तिचा एक दिवस बघू.

सकाळी सातला उठली. आजी चहा घेत होती, तिलाही बशीत चहा दिला, सोबत दोन बिस्किटं. नऊ वाजता रडायला लागली. आई खुरपायला निघाली होती, घाई होती. पाच रुपये हातात दिले, ती दुकानातून कुरकुरीत पुडी घेऊन आली. साडेदहाला अंगणवाडीत खिचडी मिळाली. तिनं दोन घास खाल्ले आणि बाजूला सारली. दुपारी आजीनं वरणभात कालवला. नको म्हणाली. आजीला वाटलं, उपाशी कशी ठेवू? म्हणून पुन्हा चहा-बिस्किट दिलं. संध्याकाळी वडील कामावरून आले, लाडानं चॉकलेट घेऊन आले. रात्री आठला आईनं ताट वाढलं. पोर म्हणाली, मला भूक नाही.

आता सांगा, ती खोटं बोलली का? नाही. तिला खरंच भूक नव्हती. दिवसभर तिच्या पोटात काहीतरी जातच होतं. पण त्यात होतं काय? साखर, मैदा, तेल आणि मीठ. पोट भरलं, अंग भरलं नाही. संध्याकाळी हिशेब केला तर डाळ नाही, भाजी नाही, फळ नाही, भाकरी नाही.

चहाचं वेगळं सांगते. चहात टॅनिन नावाचा घटक असतो. तो अन्नातलं लोह अंगाला लागू देत नाही. आपण पालेभाजी खाऊ घातली आणि वर चहा पाजला, तर भाजीतलं बरंचसं लोह वाया गेलं. म्हणून या वयात चहा नकोच. दूध चांगलं आहे, पण तेही दिवसाला एक-दोन कप पुरे. चार-पाच कप दूध पाजलं तर लेकराला जेवणाची भूक राहत नाही, आणि दुधात लोह फारच थोडं असतं.

यात कुणा एकीला दोष द्यायचा नाही. आई रोजावर जाते, आजीचे गुडघे दुखतात, आणि पुडी झटकन मिळते. रडणं थांबवायचा तो सगळ्यात सोपा उपाय असतो. पण त्याची किंमत लेकराच्या अंगातून वसूल होते, हे आपल्याला माहीत असायला हवं.

आपलं काम आणि लेकराचं काम

खाण्याच्या बाबतीत घरात कामाची वाटणी करून घ्या. काय द्यायचं, कधी द्यायचं आणि कुठं बसून खायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं, हे लेकरानं ठरवायचं.

आपल्याकडं बहुतेक वेळा उलटं होतं. काय खायचं ते पोर ठरवतं, कारण ते दुकानाकडं बोट दाखवतं. आणि किती खायचं ते आपण ठरवतो, कारण आपण घास कोंबतो.

तीन-चार वर्षांच्या मुलाला पोट भरल्याचं कळतं. आपण जबरदस्ती केली की दोन गोष्टी होतात. एक तर त्याला जेवणाचीच धास्ती बसते. ताट दिसलं की ते रडायला लागतं. दुसरं, पोट भरलं तरी खात राहायची सवय लागते, आणि ती मोठेपणी त्रास देते.

मोबाईल लावून भरवलं की मूल खातं, हे खरं. पण आपण काय खाल्लं, त्याची चव कशी होती, पोट भरलं का, यातलं काही त्याच्या ध्यानात येत नाही. उद्या मोबाईल नसला की तोंड उघडत नाही.

आमिषाचंही तसंच. "भाजी संपव, मग चॉकलेट देते," असं आपण सहज म्हणून जातो. त्यातून लेकरू काय शिकतं? भाजी म्हणजे शिक्षा आणि चॉकलेट म्हणजे बक्षीस. त्यापेक्षा भाजी नुसती वाढा, आपणही खा, आणि काही बोलू नका.

ताट वाढताना थोडंच वाढा. चतकोर भाकरी, दोन चमचे भाजी. संपलं की ते स्वतः मागेल. अर्ध्या तासात जेवलं तर जेवलं, नाही तर न रागावता ताट उचला. आणि मग महत्त्वाची गोष्ट, पुढच्या खायच्या वेळेपर्यंत मधे पाण्याशिवाय काही देऊ नका. पुढची वेळ दोन-तीन तासांवरच आहे. सुदृढ मूल एवढ्यानं उपाशी पडत नाही, उलट त्याला खरी भूक लागते. पहिले तीन-चार दिवस रडारड होईल. तेवढं सोसलं की वेळेवर भूक लागायला लागते. मूल आजारी असेल किंवा त्याचं वजन आधीच कमी असेल, तर मात्र हा नियम तसाच लावू नका. अंगणवाडीताईंना आधी विचारा.

"आमच्याला भाजी आवडतच नाही"

दोन ते सहा या वयात मूल नव्या चवीला घाबरतं. हे बहुतेक सगळ्याच मुलांचं होतं. एकदा मेथी थुंकली म्हणजे त्याला मेथी कधीच आवडणार नाही, असं नाही. नवी चव पटायला एखाद्या मुलाला ती दहा-पंधरा वेळा चाखावी लागते. आपण दोन-तीन वेळा देतो आणि "आवडत नाही" म्हणून सोडून देतो.

मग काय करायचं? आठवड्यातून दोनदा तरी तीच भाजी चमचाभर ताटाच्या कडेला वाढा. सोबत त्याला आवडणारं काहीतरी असू द्या. नुसतं बोट लावून चाटलं तरी चालेल. भाजीचं रूप बदला. मेथी थालीपिठात घाला, शेवग्याचा पाला डाळीत घाला, दुधी किसून धिरड्यात घाला, गाजर-बीट किसून पराठ्यात घाला. तिखट कमी करा. आपल्याला चालणारा ठेचा लेकराच्या जिभेला जाळतो, आणि मग ते भाजीलाच भितं.

लेकराला कामात घ्या. वाटाणे सोलायला द्या, पालक निवडायला द्या, परड्यातली कोथिंबीर खुडायला न्या. स्वतः खुडलेली भाजी मुलं चवीनं खातात. आणि दिवसातून एकदा तरी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून जेवा. मूल सांगितलेलं थोडं ऐकतं आणि बघितलेलं जास्त करतं. बापानं ताटातली कारली बाजूला सारली, तर पोर ती खाणार नाही.

ताटात काय असावं?

यासाठी बाजारातल्या महागड्या पावडरी लागत नाहीत. आपल्या घरातल्या धान्याचं मोल आपल्याला कळत नाही, एवढंच. नाचणीचंच बघा. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तेवढ्याच तांदळात ते दहाच्या आसपास असतं. हाडांसाठी नाचणीची आंबील, भाकरी किंवा लाडू यासारखं दुसरं धान्य नाही.

रोजच्या ताटात चार गोष्टी आहेत का, ते बघा. एक, भाकरी, चपाती किंवा भात. दोन, डाळ, उसळ, अंडं किंवा मासळी. तीन, भाजी किंवा फळ. चार, चमचाभर तेल किंवा तूप. तेलतुपाला घाबरू नका. लेकराचं पोट लहान, म्हणून थोड्या घासात जास्त ताकद जायला हवी. वरणभातावर चमचाभर तूप किंवा तेल घातलं की ते काम होतं.

पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळा. लिंबू, आवळा, पेरू, चिंच यांच्या आंबटपणासोबत भाजीतलं लोह अंगाला जास्त लागतं. मटकी, मूग, हुलगे मोड आणून शिजवले की पचायला हलके होतात.

आता मधल्या वेळचा खाऊ. आपल्याकडं त्याला तोटा नाही. गूळ-शेंगदाण्याचा लाडू, राजगिऱ्याचा लाडू, मऊ उकडलेलं रताळं, उकडलेलं अंडं, केळं, पेरूची फोड, दही-पोहे, मुरमुऱ्याचा चिवडा, दशमी, दूध-भाकरीचा काला. रानात जाण्याआधी एका डब्यात दोन लाडू आणि एक केळं काढून ठेवलं, तर आजीला पुडीकडं जावं लागत नाही.

एक सावधगिरी मात्र घ्या. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, बोराची बी असलेलं बोर देऊ नका. घशात अडकून जीव जाऊ शकतो. शेंगदाण्याचा कूट करा, द्राक्षं उभी चिरा, बोराची बी काढा. आणि पळत पळत, हसत खेळत खाऊ देऊ नका. बसूनच खायला शिकवा.

अंगणवाडीतल्या खाण्यालाही कमी लेखू नका. तिथं तीन ते सहा वर्षांच्या मुलांना सकाळचा नाश्ता आणि गरम ताजा आहार मिळतो. त्यातून किती कॅलरी आणि किती प्रथिनं मिळावीत, याचा नियम ठरलेला आहे. चार-पाच वर्षांच्या लेकराच्या दिवसभराच्या गरजेतला हा मोठा वाटा आहे. पण लेकरू तिथं पुडी खाऊन गेलं, तर हा हक्काचा घास ताटातच राहतो. आहार नीट शिजतो का, रोज मिळतो का, हे जाऊन बघायचा आपल्याला अधिकार आहे. तो वापरा.

पाच रुपयांचा हिशेब

आपण गटाच्या बाया, हिशेब आपल्याला नवा नाही. तर हा एक हिशेब मांडून बघा.

एका घरात लेकराला दिवसाला पाच रुपयांच्या दोन पुड्या. दिवसाला १० रुपये, महिन्याला ३०० रुपये, वर्षाला ३,६०० रुपये. गटात १० जणी असतील आणि दहाही घरांत असंच चालत असेल, तर वर्षाला ३६,००० रुपये. आता आपली बचत बघा. महिन्याला १०० रुपये धरले, तर १० जणींची वर्षाची बचत १२,००० रुपये होते. म्हणजे वर्षभर पोटाला चिमटा घेऊन आपण जेवढं साठवतो, त्याच्या तिप्पट पैसा पुड्यांवर जातो.

त्याच ३०० रुपयांत काय येईल? अंडं ७ रुपयांना धरलं, तर ३० अंड्यांचे २१० रुपये. म्हणजे महिनाभर रोज एक अंडं. उरलेल्या ९० रुपयांत अर्धा किलो शेंगदाणे आणि लाडवांपुरता गूळ येतो. भाव गावोगाव कमीजास्त असतील. अंडं खात नसाल, तर त्या पैशात केळी, डाळी, दही बसवा.

पुडी घ्यायचीच झाली, तर मागची बाजू कुणा शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्या. जो पदार्थ सगळ्यात जास्त असतो, त्याचं नाव पहिलं लिहायचा कायदा आहे. पहिल्या तीन नावांत साखर, मैदा आणि पामतेल असेल, तर आत काय आहे ते कळलंच. सणावाराला, जत्रेला एखादी पुडी खाल्ली तर काही बिघडत नाही. रोजची सवय नको.

घरच्यांना कसं सांगायचं?

हे एकट्या आईनं करून होत नाही. सासूबाई चहा देतात ते मायेनं. त्यांना "तुमच्यामुळं पोर जेवत नाही" असं म्हटलं तर भांडण होईल. त्यापेक्षा असं म्हणा, "आत्याबाई, तुम्ही करता तसा नाचणीचा लाडू मला जमत नाही. पोरीसाठी तेवढे करून ठेवाल का?" जुन्या बायांना हे सगळं खाणं आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. घरधन्याला सांगा, "चॉकलेटाऐवजी येताना चार केळी आणा." बापानं आणलं की लेकराला त्याचं अप्रूप असतंच.

आणि एक गोष्ट आपल्या मनाशी. घरात अंडं एकच असलं, दूध कपभरच असलं, तर ते कुणाच्या ताटात जातं? मुलाच्या की मुलीच्या? या वयात मुलगा आणि मुलगी दोघांची गरज सारखीच असते. एक असेल तर अर्धं अर्धं करा. आज जिच्या अंगात रक्त कमी राहील, ती उद्या स्वतः आई होताना अशक्त असेल.

कधी थांबायचं नाही?

मूल थोडं कमी जेवतं पण खेळतं, हसतं, त्याचं वजन वाढतंय, तर काळजी करू नका. पण काही खुणा दिसल्या तर लगेच अंगणवाडीताई, आशाताई किंवा डॉक्टरांना दाखवा. दोन-तीन महिने वजन वाढलंच नाही, मूल सुस्त पडून राहतं, डोळ्यांच्या आतली कड आणि तळहात पांढुरके दिसतात, माती किंवा खडू खातं, पायावर सूज आहे, जुलाब थांबत नाहीत, अशा या खुणा आहेत. अंगणवाडीत दंडाला लावायची पट्टी असते. पाच वर्षांखालच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, म्हणजे पट्टी लाल रंगावर आली, तर ते तीव्र कुपोषण असतं. अशा मुलावर घरच्या घरी उपाय करत बसू नका.

दर महिन्याला वजन करून घ्या आणि आकडा विचारा. मागच्या महिन्यात किती होतं, तेही विचारा. सहा महिन्यांतून एकदा जंताची गोळी आणि अ जीवनसत्त्वाचा डोस चुकवू नका. पोटात जंत असले की खाल्लेलं अंगी लागत नाही. खाण्याआधी आणि शौचानंतर साबणानं हात धुवायला लावा. आणि जुलाब होऊन गेले, की पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या. झालेली झीज तेव्हाच भरून निघते.

या आठवड्यात एवढं करा

सगळं एकदम बदलायला जाऊ नका. आधी तीन दिवस फक्त बघा. लेकरू सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत त्याच्या तोंडात काय काय गेलं, ते लिहून ठेवा. लिहिता येत नसेल, तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करा. पुडीला फुली, चहाला गोल, घरच्या खाण्याला रेघ. चौथ्या दिवशी फुल्या आणि गोल मोजा.

मग एकच बदल ठरवा. सकाळच्या चहाऐवजी आंबील, किंवा नऊच्या पुडीऐवजी लाडू. पंधरा दिवस तेवढाच पाळा. गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्यांची बोलणी झाली की पाच मिनिटं यालाही द्या. कुणाच्या लेकराचं वजन किती वाढलं, कुणी काय करून खाऊ घातलं, ते एकमेकींना सांगा.

आज इतकंच. जेवणवेळ झाली आहे. ताट वाढा, लेकराला शेजारी बसवा, आणि घास त्याचा त्याला घेऊ द्या. नमस्कार.